उने एक

...शून्य पन नाय वो, उने एक. आता तुमीच सांगा, सत्त्याहत्तर वर्सं झाली मला या जगात वावरून, कुनापुढं हात पसरला नाय, वान्याच्या उधारीच्या वहीत माझ्या नावाचं पान नाय, माझ्या स्वतःच्या लग्नात बाजेवाल्याचे पैशे आधी चुकते केले आनि मग मांडवात पाय ठेवला, आनि त्या सोसायटीच्या कंप्युटरनं मला काय द्यावं, तर उने एक. शाळेत मास्तरांनी मला शून्य दिलाय, खोटं कशाला बोलू, दोनदा दिलाय, एकदा दुसरीत आनि परत दुसरीतच, पन उने कधी दिलं नाय. शून्याला निदान आकार असतो. गोल असतो. मानूस बघून म्हनतो, चला, पाटी तपासली तरी. उने म्हनजे काय? म्हनजे तुमी शाळेत आला नाय ते नायच, वर जाताना शाळेचं एक कौल फोडून गेलात...

बसा वो, बसा, कुठं निघालात, एस.टी.ला अजून वेळ हाय. पयल्यापासून सांगतो.

आमचं गाव काळेखार. पेण आनि रोह्याच्या मधी, हायवे सोडून आत खाडीच्या अंगाला. गावात देऊळ हाय, मशीद हाय, चौथीपर्यंत शाळा हाय आनि सोसायटी हाय. सोसायटी म्हनजे तुमच्या मुंबईतली बिल्डिंगची नाय, शेतकऱ्यांची, कर्ज देनारी. एक खोली, मागं खताचं गोडाऊन, पुढं ओटा. त्या ओट्यावर मी रोज सकाळी नऊ ते बारा बसतो. पगार नाय, पद नाय, पन मी नसलो तर लोक विचारतात, बरं हाय ना घरात?

आनि मी सभासद हाय बरं का, पंचावन्न वर्सं. पन कर्ज? एक दमडी नाय. तुमाला सांगतो, बाबाजी कुनाचं काय देनं लागत नाय. हे वाक्य माझी सगळी इस्टेट हाय. गावात बांधावरून भांडन झालं, पान्यावरून झालं, कोंबडीवरून झालं, समोरचा काय पन बोलू दे, मी शेवटाला उठतो, टोपी झटकतो आनि म्हनतो, बाबाजी कुनाचं काय देनं लागत नाय. संपलं भांडन. समोरच्याला उत्तरच नसतं, कारन तो कुनाचं तरी लागतच असतो.

तर गेल्या वर्सी मे महिन्यात तालुक्यावरनं एक साहेब आला. पांढरा शर्ट, हातात पानी प्यायची निळी बाटली, आमचं पानी प्यायला नाय. सगळ्या सभासदांना बोलावलं. पंखा लावला. साहेब उभा ऱ्हायला आनि म्हनाला, "या संस्थेचा परफॉर्मन्स समाधानकारक नाही."

मी पुढंच बसलेलो. मी म्हटलं, "साहेब, परफॉर्मन्स गनपतीत असतो. आता उन्हाळ्यात कोन नाचनार? गौरी येऊ द्या, आमची पोरं बाल्या नाचून दाखवतील, ओट्याला खड्डा पडंल."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आजोबा, कर्जवाटपाचा परफॉर्मन्स."

"त्याला काय झालं? वसुली किती?"

"शंभर टक्के."

"थकलेले किती?"

"एकही नाही."

"मग दिष्ट काढा की आमची."

साहेब म्हनाला, "अहो, वसुली चांगली आहे, पण कर्ज घेतंय कोण? सभासद एकशे बारा, कर्जदार चोवीस. वरून कागद आलाय. तीस जूनपर्यंत किमान पंचवीस कर्जदार झाले नाहीत, तर ही संस्था उंबरखारच्या संस्थेत विलीन होईल."

म्हनजे बघा हं. आमी कर्ज बुडवलं नाय म्हनून नाय, आमी कर्ज घेतलंच नाय म्हनून सोसायटी बंद. दवाखान्यात कुनी आजारी पडत नाय म्हनून डाक्तर गावावर रागावला, अशी गत.

आनि घेनार कोन, तुमी सांगा. एकशे बारातले एकेचाळीस तर वरती गेलेत, त्यांची नावं यादीत ऱ्हायलीत येवढंच. तीस-पस्तीस जनांनी जमिनी इकल्या. उरलेल्यांत कुनाचा पोरगा कंपनीत शिफ्टला जातो, कुनाचा दुबईला, कुनाचा पेणला गनपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे रंगवतो, महिन्याला येवढं आनतो की बाप म्हनतो भात कशाला लावू, विकत घेतो. जमीन हाय, नावावर हाय, कसतो पन हाय आनि कर्ज नाय, असा सगळ्या काळेखारात एकच मानूस उरला.

सगळी खोली माझ्याकडं वळली. पंखासुद्धा. तो फिरनारा पंखा हाय, तो येऊन माझ्यावरच थांबला.

मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघताय? बाबाजी कुनाचं काय देनं लागत नाय."

"म्हनूनच बघतोय," ताजू म्हनाला.

ताजू म्हनजे ताजुद्दीन, आमचा चेअरमन. आमी दोघांनी एकाच खाडीवर म्हशी राखल्या, तो मग बावीस वर्सं कुवेतला जाऊन आला, मी वडखळपर्यंत जाऊन आलो. त्याला गावात सगळे ताजुद्दीनभाई म्हनतात, मी नाय म्हनत, त्याची म्हैस माझ्या वालात शिरलेली मला अजून आठवते.

"बाबाज्या," तो म्हनाला, "एक सही कर. व्याजाला मी जन्मात शिवलो नाय, तुला ठावं हाय. पन हे बिनव्याजी हाय, वेळेत भरलं की वर एक पैसा नाय. म्हनून मी पन घेतलं. तुझं काय अडलंय?"

"माझं काय अडलं नाय, म्हनून तर मी घेत नाय."

"सोसायटी जाईल रे."

"जाऊ दे."

असं म्हनलो आनि घरी आलो. बायजानं ताटात वालाचं बिरडं वाढलं आनि समोर बसली. बायको समोर बसली की समजायचं, आज आमटीत मीठ नसंल पन बोलन्यात असंल.

"अवो, सोसायटी उंबरखारला गेली तर खताची गोन कोन आननार?"

"मी आननार."

"मागल्या साली आपल्या सोसायटीतून घरापर्यंत आनायची व्हती, तुमची कंबर धरली. मी आनली डोक्यावरून. उंबरखार सात किलोमीटर हाय."

"गो, प्रश्न गोनीचा नाय, तत्त्वाचा हाय. बाबाजी कुनाचं काय—"

"माझ्या भावाची कुदळ आनलीत, तिला किती वर्सं झाली?"

"ते देनं नाय. ती वापरायला आनली."

"एकतीस वर्सं वापरताय."

मी जेवून उठलो. बायकांना तत्त्व कळत नाय.

तरी मी घेनार नव्हतोच, तुमाला खरं सांगतो. पन दोन दिवसांनी वडखळच्या नाक्यावर एस.टी.ची वाट बघत उभा व्हतो, तर कोन यावं? जनूशेठ. उंबरखारच्या सोसायटीचा चेअरमन. हे उंबरखार म्हनजे काय गाव हाय ते तुमाला ठावं नसंल. यांनी आमच्याच जत्रेत, आमच्याच कबड्डीच्या मैदानावर, आमी जिंकलेली ढाल टेंपोत घालून नेली आनि वर म्हनाले, चुकून गेली. चुकून तांब्या जातो. ढाल साडेतीन फुटाची व्हती.

तर जनूशेठ जवळ आला, खांद्यावर हात ठेवला, आनि गोड आवाजात म्हनाला, "काय बाबाजीकाका, आता खताला आमच्याकडंच येनार म्हनं. या, या. म्हातारी मानसं म्हनून तुमची वेगळी रांग लावू."

रांग. उंबरखारात. मला.

एस.टी. आली, मी चढलो नाय. उलट्या रिक्षानं परत गावात आलो, साठ रुपये घेतले मेल्यानं, सरळ सोसायटीत गेलो आनि टेबलावर हात आपटून म्हटलं, "आन कुठं सही करायची ती."

सोसायटीची सेक्रेटरी म्हनजे अपेक्षा. पेणच्या रामवाडीतली पोरगी हाय, रोज स्कूटीवर येते, हायवेच्या धुळीनं येईपर्यंत पांढरी व्हते, मग तोंड धुऊन कंप्युटर लावते. पोरगी गुनाची. उठून उभी ऱ्हायली. "काका, खरंच? बसा ना. आधार आणलंय? पॅन? सातबारा? आठ-अ?"

"मी आलोय, पुरे नाय का?"

नाय पुरे. तिनं सगळं मागवलं, सगळं टाईप केलं, आनि मग स्क्रीनकडं बघते, माझ्याकडं बघते.

"काका... तुमचा स्कोअर उणे एक येतोय."

तर हे ते उने एक. मी म्हटलं, पोरी, नीट बघ, पुढं काय आकडा ऱ्हायला असंल. ती म्हनाली, "नाही काका. म्हणजे तुम्ही आजवर कुठूनच कर्ज घेतलेलं नाही ना, त्यामुळे सिस्टिमला तुम्ही माहीतच नाही."

"मी माहीत नाय? मला पेणपासून रोह्यापर्यंत कंडक्टर ओळखतात."

"सिस्टिमला नाही ओळखत काका. ज्यानं कर्ज घेऊन फेडलं त्यालाच ती ओळखते."

आनि मागं बाकावर सखा बसलेला. हा सखा कोन, तर गावातला नामी कर्जदार. ट्रॅक्टरचं कर्ज, म्हशीचं कर्ज, फ्रिजचं कर्ज, पोराच्या मोटारसायकलचं कर्ज, या बँकेतनं काढतो त्या बँकेत भरतो, त्या बँकेतनं काढतो तिसरीत भरतो, पन तारीख चुकवत नाय. त्याच्या घरात स्वतःचं म्हनावं असं फक्त मांजर हाय, आनि ते पन शेजाऱ्यांच्यात जेवतं. तो पुढं झाला. "मॅडम, माझा किती?"

"सातशे एक्याऐंशी. उत्तम."

सखा सातशे एक्याऐंशी आनि बाबाजी उने एक. तुमी सांगा, हा न्याय हाय? वर काय, तर नव्या कर्जदाराला चांगला जामीनदार पायजे. कोन? सखा. सखानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "काका, भिऊ नका. मी हाय तुमच्या मागं."

त्या दिवसापासून गावात पोरांनी नाव पाडलं. मी रस्त्यानं चाललो की एक म्हनतो, कोन रे तिकडं? दुसरा म्हनतो, उने एक. तिसरा म्हनतो, म्हनजे रस्त्यावर कुनीच नाय.

बरं, इथं संपलं? नाय. आता दाखले. माझी एक एकर पेण तालुक्यात आनि अर्धा एकर आईकडनं आलेली, ती रोहा तालुक्यात. म्हनून दोन्हीकडच्या बँकांतनं दाखला आना की या मानसाकडं आमची काय बाकी नाय. मी म्हटलं, "अगो, ज्यांचं मी कधी तोंड बघितलं नाय त्यांनी काय लिवायचं?" ती म्हनाली, "तेच लिहायचं, काका." पाच बँका. जामीनदार म्हनून सखा संगतीला आला. म्हनाला, तुमाला बँकेत वागता यायचं नाय.

आनि खरंच नाय आलं वो. पेणला पयल्या बँकेत शिरलो, तर आतला मानूस खुर्चीतनं उठला. "या या सखाशेठ, बसा. चहा घेणार?" सखाला खुर्ची, सखाला चहा, सखाच्या पोराची चौकशी, ट्रॅक्टर बरा चालतोय ना. मी उभा. ज्याच्यावर चार लाख हायत तो बसलाय आनि ज्याच्यावर काय नाय तो उभा. मी म्हटलं, "साहेब, मी बाबाजी, मी कुनाचं काय देनं लागत नाय." तो म्हनाला, "हो का? मग रांगेत उभे राहा."

पेणच्या तीन झाल्या, एका दिवसात नाय, चार दिवसांत. एकदा शिक्का मारनारा रजेवर, एकदा शिक्का हाय तर शाई नाय. मग रोहा. रोह्याला पयली बँक झाली. दुसऱ्या बँकेत एक बाई व्हती, शांत, केसात गजरा. म्हनाली, "आजोबा, तुमचं आमच्याकडे खातं आहे?"

"नाय."

"मग दाखला कसा देऊ?"

"खातं नाय, म्हनजे कर्ज नाय. तेवढं लिवून द्या."

"कुणाचं कर्ज नाही ते लिहायला खातेदाराचं नाव लागतं. आधी खातं उघडा. मग मी लिहीन, या खात्यावर कर्ज नाही."

मी सखाकडं बघितलं. सखा म्हनाला, "बरोबर बोलतायत मॅडम." त्याला सगळं बरोबरच वाटतं.

उघडलं खातं. हजार रुपये भरले, कर्ज नाय हे सिद्ध करायला. मग ती म्हनाली, अंगठा लावा. मी म्हटलं, बाई, मी सही करतो. दुसरी दोनदा शिकलोय ती कशाला? आमच्या वक्ताला जो अंगठा करायचा त्याला लोक हसायचे, म्हनून मास्तरांनी मला छड्या मारून सही शिकवली, आनि आता सही येनाऱ्याला ही बाई म्हनते अंगठा. लावला. मशिन म्हनलं नाय. परत लावला, परत नाय. साठ वर्सं चिखलात भात लावून अंगठ्यावरच्या रेघा गेल्यात, गुळगुळीत झालाय, गोट्यासारखा. सखानं माझा अंगठा घेतला, स्वतःच्या शर्टाला घासला, फुंकर मारली, तेल लावलं, पुसलं, सात वेळा लावला तेव्हा मशिनला पटलं की मी मी हाय. दाखला हातात पडला तेव्हा एकोनतीस जूनचे साडेतीन झाले व्हते.

आता तीस जून. शेवटची तारीख. संध्याकाळी पाचपर्यंत माझं नाव वरती कंप्युटरात चढायला पायजे, नायतर चोवीसच, आनि चोवीस म्हनजे उंबरखार, आनि उंबरखार म्हनजे ती रांग. सकाळपासून सोसायटीत रेंज नाय. अपेक्षा इकडं जाते, तिकडं जाते, फोन खिडकीतनं भायेर धरते. चार वाजले. शेवटी कुनीतरी म्हनालं, गोडाऊनच्या पत्र्यावर येते रेंज. शिडी लावली. ती पोरगी तो घडी व्हनारा कंप्युटर काखेत मारून वर चढली, ताजूनं शिडी धरली, सखा वर जाऊन तिच्यावर छत्री धरून बसला. लावनीचे दिवस, लोक शेतात व्हते, बातमी लागली तसे गुडघाभर चिखलानं तसेच धावत आले. चोवीसच्या चोवीस कर्जदार खाली उभे, वर बघतायत, जसा काय पत्र्यावरनं निकाल लागनार हाय.

साडेचार. अपेक्षा वरनं ओरडली, "काका, आलं! तुमच्या मोबाईलवर ओटीपी गेलाय, सहा आकडे, सांगा लवकर, दहा मिनिटंच असतो."

मी खिसा चाचपला. मोबाईल घरी. बायजाकडं.

ताजूच्या फोनला बोलन्यापुरती रेंज येत व्हती, त्यानं तो काढला, माझा नंबर लावला. बायजानं उचलला.

"हालो. कोन?"

"गो, मी. फोनवर आत्ता आकडे आलेत ते वाच."

पलीकडनं म्हनते, "कोन तू?"

"मी म्हनजे मी. बाबाजी."

"हा नंबर त्यांचा नाय."

"ताजूच्या फोनवरनं बोलतोय, आकडे सांग."

"मेल्या, लाज नाय वाटत? दुसऱ्याच्या बायकोला गो म्हनतोस? आमच्या बचत गटात मॅडमनी सांगितलंय, आकडे कुनाला सांगायचे नाय. नवऱ्याला पन नाय."

आनि त्या मॅडम कोन, तर ह्याच पत्र्यावर बसलेल्या. अपेक्षानं खाली वाकून बोंब मारली, "काकू, मी अपेक्षा बोलतेय, मीच सांगितलं होतं, आता सांगा तुम्ही."

बायजा म्हनाली, "मॅडम म्हनाल्या व्हत्या, मी विचारलं तरी सांगू नका."

खाली चोवीस जन. कुनी हसत नव्हतं वो. एकाच्या हातात अजून रोपांची मूठ तशीच. चार छत्तीस, चार सदतीस. मी म्हटलं, "गो, मीच हाय, तुला कसं पटवू?"

ती म्हनते, "आमचे मालक असशील तर सांग. माझ्या भावाची कुदळ किती वर्सं झाली?"

बघा. सगळं गाव खाली उभं, फोन स्पीकरवर, ताजू माझ्याकडं बघतोय, सखा वरनं छत्रीतनं बघतोय.

"एकतीस," मी म्हटलं.

"आनि?"

"आनि काय?"

"आनि ती कुनाची?"

"...तुझ्या भावाची."

"मग तुमी तिचं काय लागता?"

चार अडतीस. मी डोळे मिटले. "देनं लागतो, गो. लागतो देनं. सांग आता."

तिनं आकडे वाचले, सावकाश, बाजारात मासळीचे भाव सांगावेत तसे एकेक. अपेक्षानं दाबले. पत्र्यावर उभी ऱ्हायली, सखानं तिला धरलं, आनि ती म्हनाली, "पंचवीस."

तुमाला सांगतो, गनपती पान्यात सोडताना होत नाय तेवढा गलका झाला. ताजूनं मला मिठी मारली, त्याच्या सफेद लेंग्याला माझ्याच चपलांचा चिखल लागला, त्याला त्याचं काय नाय. कुनीतरी जनूशेठला फोन लावला आनि नुसता गलका ऐकवून ठेवून दिला.

तर कर्ज झालं. पंचवीस हजार. आनले घरी. आता त्याचं करायचं काय? मला नको व्हते, बायजाला नको व्हते. लावनी झालेली, खत आनलेलं. रबर लावून तांदळाच्या डब्यात ठेवले आनि चार दिवस डब्यासमोर बसलो. कुनी भायेरनं हाक मारली तरी वाटायचं, वसुलीला आला. पाचव्या दिवशी उठलो, पैशे घेतले, सोसायटीत गेलो. "पोरी, घे आनि मोकळं कर."

तिचं तोंड पडलं. "काका, आत्ता भरलंत तर परत चोवीस होतात. मार्चपर्यंत राहू द्या ना देणेकरी."

म्हनजे मी पैशे घेऊन उभा, आनि सोसायटी म्हनते नको. नऊ महिने वो. नऊ महिने मी भांडनात उठलो, टोपी झटकली, तोंड उघडलं, "बाबाजी कुनाचं काय देनं लागत नाय..." आनि समोरनं कोन तरी म्हनायचं, "पंचवीस हजार सोडून." तीन भांडनं हरलो. बांधावरलं एक आनि कोंबडीची दोन.

पन खरं सांगू का, आता इथं तुमी-आमीच हाय म्हनून. वाईट गेले नाय ते महिने. पयले ओट्यावर बसायचो तर कर्जदार लोक जरा लांब बसायचे, आपल्या गोष्टी आपसांत बोलायचे. आता सरकून जागा द्यायला लागले. "या काका, तुमचा हप्ता कधी?" आता मला पन कळतं की जून कधी येतो आनि मार्च कधी येतो. नायतर मला सगळे महिने सारखेच व्हते. मार्चच्या शेवटाला मी भरले, त्याच नोटा, तोच रबर, तांदळाचा वास तसाच. अपेक्षानं पावती दिली. साहेब परत आला, तीच निळी बाटली, म्हनाला, परफॉर्मन्स समाधानकारक. या खेपेला मी नाचाचं काय बोललो नाय. आनि यंदा परत घेतलं मी, न सांगता. सखा म्हनाला, काका, लागली तुमाला सवय. लागू दे.

आनि मेवन्याला, म्हनजे बायजाच्या भावाला, रोह्याला जाऊन नवी कुदळ देऊन आलो. तो म्हनाला, कुठली कुदळ? विसरला व्हता मेला.

आता भानगड वेगळीच झालीय. कर्ज फेडल्यावर कंप्युटरनं मला ओळखलं. उने एक गेलं, सातशे बारा झाले. गावातली पोरं आता म्हनतात, सातशे बारा आले, वाट द्या. पन मला एकट्या गावानं ओळखलं असतं तर बरं व्हतं, सगळ्या बँकांनी ओळखलं. रोज फोन. "सर, आपको लोन चाहिये?" "सर, गाडी घेणार का?" सत्त्याहत्तर वर्सं मला कुनी सर म्हटलं नाय. मी शिव्या घालायचो आनि ठेवायचो.

त्यात एक पोरगी हाय, दिपिका. ठान्याहून फोन करते. रोज साडेअकराला, मी ओट्यावर असतो तेव्हा. मी शिव्या घातल्या तरी म्हनते, "बरं काका, जेवलात का?" बायजा पन येवढं विचारत नाय. मग मी पन विचारतो, तू जेवलीस का? ती म्हनते डबा खाल्ला, भेंडी व्हती. असं महिनाभर चाललंय, लोनचं ती बोलते, भाताचं मी बोलतो.

आनि काल तिचा आवाज बारीक. मी म्हटलं, "काय झालं गो?" म्हनाली, "काका, महिना संपतोय. माझं टारगेट पूर्ण नाही झालं तर दुसऱ्या ऑफिसला टाकतील, लांब."

"किती कमी पडतायत?"

"एक."

आता काय बोलनार? ओट्यावर सगळे बसलेले, ताजू, सखा, सगळ्यांनी ऐकलं. सखानं सरकून मला टेकायला जागा दिली. मी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली, आनि म्हटलं, लिही बाई. कमीत कमी जेवढं असंल तेवढं लिही.